आंबोलीचा पाऊस खाली बघून पाहावा

दाणोली ओलांडली की घाट सुरू होतो. तोवरचा रस्ता तळकोकणातला: माडा-पोफळीतली घरं, चिऱ्याचे गडगे, लावणीला आलेली भाताची खाचरं. पाचसहा वळणं चढली की भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागतात, काचा आतून धुरकटतात आणि सोबतच्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "एवढ्या धुक्यात बघणार काय?" आंबोली सावंतवाडीहून तीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवार गाठून इथे येणारे बरेचजण धबधब्याखाली भिजतात, भजी आणि कणीस खातात आणि तो प्रश्न तसाच घेऊन परत जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. महादेवगड, शिरगावकर पॉइंट, सनसेट पॉइंट ही ठिकाणं हिवाळ्यात सुरेखच आहेत. जुलैत मात्र तिथल्या कठड्याशी तासभर उभं राहिलं तरी समोरची दरी दिसेलच असं नाही. पावसाळ्यातली आंबोली दूरवर नजर टाकून बघायची नसतेच, ती पायाशी बघायची असते. पाऊस हेच इथलं प्रेक्षणीय स्थळ, आणि त्यानं केलेली बहुतेक किमया घोट्याच्या उंचीखाली आहे.

आधी त्या धुक्याबद्दल. पावसाळ्यातलं आंबोलीतलं धुकं म्हणजे खरं तर ढग. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा फार लांबून निघालेला असतो. दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळण घेऊन तो भारताकडे येतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकाच्या अखेरीस या झोताचा अभ्यास मांडला आणि आजही तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. अख्खा अरबी समुद्र ओलांडताना ही हवा बाष्प गोळा करते. कोकणात शिरते तेव्हा ती जवळजवळ काठोकाठ भरलेली असते. पुढे सह्याद्री आडवा. आडून जायला वाट नाही, म्हणून हवा वर चढते. वर दाब कमी असतो, त्यामुळे ती फैलावते, आणि फैलावली की थंड होते. हवा कोरडी असेल तर किलोमीटरमागे सुमारे दहा अंशांनी थंड होते. पण ही हवा इतकी दमट असते की तिला फार वर जावंच लागत नाही. काहीशे मीटर चढली, की बाष्पाचे बारीक थेंब धरायला लागतात. आंबोली नेमकी त्या उंचीवर वसली आहे. घाटात ज्या वळणावर दिवे लावावे लागतात, ते वळण म्हणजे त्या दिवशीचा ढगाचा तळ.

बाष्पाचं पाणी होताना त्यातली उष्णता हवेत मोकळी होते. त्या उबेनं हवा आणखी वर जाते, आणखी थेंब धरतात आणि मागून येणारा वारा नवं बाष्प पुरवत राहतो. खाली कोकणपट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर आंबोलीत तो सात हजारांच्या घरात जातो, आणि त्यातला फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. घाटमाथा ओलांडून वारा पूर्वेकडे उतरू लागला की तो तापतो आणि ढग विरतात. आजऱ्यात पाऊस निम्म्याहून खाली येतो, गडहिंग्लजला आणखी कमी. कोल्हापूरहून येणाऱ्यांनी हा फरक गाडीच्या वायपरवर अनुभवला असेल. गडहिंग्लजला तो बंद असतो, आजऱ्यात अधूनमधून चालतो आणि आंबोलीच्या जवळ आलं की त्याला उसंत नसते.

आणखी एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. जुलैच्या संततधारेत इथे विजा क्वचितच कडाडतात. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस उंचच उंच ढगांतून पडतो. त्या ढगांच्या माथ्यावर बर्फाचे कण एकमेकांवर आपटून विद्युतभार साठतो. ऐन पावसाळ्यात घाटावरचे ढग तुलनेनं बुटके असतात, त्यामुळे पाऊस पडतो तो फारसा गडगडाट न करता, तासन् तास. किनाऱ्यालगत समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की त्याचा जोर वाढतो, पट्टा विरला की दोनतीन दिवस उघडीप मिळते. हवामान खात्याच्या अंदाजात या पट्ट्याचा उल्लेख दिसला तर सुट्टीचं नियोजन त्याप्रमाणे करता येतं.

आता हा पाऊस पडतो कशावर ते बघू. आंबोलीच्या आसपास चौकुळ, गेळे या गावांकडे जाताना रस्त्याच्या कडेला काळपट तांबडे, सपाट, उघडे कातळ लागतात. त्यांना इथे सडा म्हणतात. हा जांभा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेला बेसॉल्ट या डोंगरांच्या पोटात आहे. त्याच्या वरच्या थरावर लाखो वर्षं ऊन आणि पाऊस आलटून पालटून काम करत राहिले. पावसाच्या पाण्यानं दगडातलं विरघळण्याजोगं ते सारं धुऊन नेलं: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, हळूहळू सिलिकासुद्धा. मागे राहिली लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोखंडानं त्याला तांबडा रंग दिला. जिथे ॲल्युमिनियम जास्त साठलं, तिथे बॉक्साइट झालं, आणि त्यापायी शेजारच्या चंदगड, राधानगरी तालुक्यांतले सडे खणलेही गेले. कोकणातली घरं, देवळं, विहिरी ज्या चिऱ्यानं बांधल्या, तो हाच. सड्यावर बसून दगडावर हात फिरवला तर त्याची भोकं आणि खळगे बोटांना लागतात. पावसानं आतलं काय काय नेलं, याचा तो पुरावा.

मे महिन्यात हाच सडा इतका तापतो की त्यावर अनवाणी उभं राहवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की पंधरा दिवसांत तो हिरवा होतो. माती म्हणावी तर बोटभरही नाही, आणि जी आहे तिच्यात कस नाही, कारण वनस्पतींना लागणारं सारं पावसानं आधीच धुऊन नेलेलं. नायट्रोजनची तर फारच चणचण. त्यामुळे सड्यावरच्या काही वनस्पतींनी अन्नाची वेगळी सोय केली आहे. 'दवबिंदू' नावाची वनस्पती आपल्या पानांच्या केसांवर चिकट थेंब धरते. एखादं चिलट त्यावर बसलं की अडकतं, केस हळूहळू त्याच्याभोवती वळतात आणि पान त्याला पचवतं. 'सीतेची आसवं' हिची निळी-जांभळी फुलं ऑगस्टअखेर सडाभर पसरतात आणि लोक त्यांचे फोटो काढतात, पण तिचं खरं कसब पाण्याखाली आहे. तिथे तिला टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी ती बाहेर काढून टाकते, त्यामुळे आत ओढ तयार होते. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराजवळच्या केसाला लागला की दार उघडतं, जीव आत खेचला जातो आणि दार मिटतं. एवढं सारं सेकंदाच्या एक हजारांश भागापेक्षाही कमी वेळात. वनस्पतीसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींत हिची गणना होते. म्हणून सड्यावर फुलं बघताना पाऊल कुठे पडतंय याचं भान हवं. फोटोसाठी दोन पावलं पुढे टाकली की असे शेकडो सापळे चिखलात जातात.

सड्यावरच्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं. काही डबकी ताटाएवढी, काही वाटीएवढी, खोली दोन बोटं. आंबोलीचं सर्वांत खास रहिवासी असलेलं जनावर आपली पुढची पिढी या डबक्यांच्या भरवशावर सोडतं. आंबोली टोड असं त्याचं नाव. लांबी जेमतेम तीनचार सेंटिमीटर, पाठ खरबरीत तपकिरी, आणि कुशीवर वाघाच्या अंगावर असतात तसे पिवळे पट्टे. शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलं: झँथोफ्रीन टायगेरिना. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे प्रजातीनाम शास्त्राच्या दप्तरी नोंदवलं. त्याच वेळी भेकांचा एक नवा वंशही (जीनस) या डोंगरांतून पुढे आला, ज्यात याचा कोयनेकडचा चुलतभाऊही येतो. आंबोली टोड जगात आंबोली आणि तिच्या आजूबाजूच्या थोड्याशा टापूतच सापडतो. त्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी केली.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर हे भेक सड्यावर जमतात. मोठा पाऊस लागण्याआधीच्या या थोडक्या दिवसांत त्यांना सारं उरकायचं असतं. त्यामागचं कारण सड्याकडे बघितलं की कळतं. जुलैत सड्यावरून पाण्याचे लोट वाहतात, त्यात अंडी वाहून जातील. आणि पाऊस चार दिवस रुसला, तर दोन बोटांचं डबकं आटून जाईल. या दोन संकटांमधल्या फटीत अंडी उबून पिल्लांना पाय फुटले पाहिजेत. मोठ्या तळ्यात मासे असतात, अंडी खाणारे असंख्य जीव असतात. इथल्या डबक्यात ते नाहीत, हा या जागेचा मोठा फायदा. मी अशा एका डबक्याशी बराच वेळ बसलो होतो. मावळता उजेड तिरपा येत होता, म्हणून तळ दिसला. काळे टिंबासारखे बेडूकमासे दगडाला तोंड लावून शेवाळ खरवडत होते. वारा आला की पाण्यावर शहारा उठे आणि सगळे एका क्षणात कडेच्या भेगेत जात. त्या डबक्यापासून हातभर अंतरावर मोटारीच्या चाकांचा ताजा ठसा होता. सडा मोकळा आणि सपाट असल्यामुळे लोक त्यावर सरळ गाड्या घालतात, गाणी लावतात, जेवायला बसतात. वाईट हेतू कुणाचाच नसतो. ज्या दगडावर आपण गाडी उभी करतोय तो कुणाची तरी बाळंतिणीची खोली आहे, हे त्यांना सांगितलेलं नसतं, एवढंच.

पाणी भरपूर असूनही ते पिल्लांसाठी भरवशाचं नाही, या एकाच अडचणीवर आंबोलीच्या बेडकांनी किती वेगवेगळे तोडगे काढले आहेत ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. मलबारी उडता बेडूक गर्द हिरवा, बोटांमधले पडदे केशरी-तांबडे. पडदे पसरून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो, एका झेपेत दहा मीटरच्या आसपास. त्याची मादी डबक्यावर झुकलेल्या फांदीवर बसते, अंगातून स्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून त्याचा फेस करते. अंडी त्या फेसात. वरून फेस थोडा वाळतो, आत ओल टिकते. आठवडाभरात आत बेडूकमासे तयार होतात, तोवर पावसानं फेस सैल पडतो आणि ते टपटप खालच्या पाण्यात पडतात. गावातल्या एखाद्या टाकीवर, हौदावर वाकलेल्या फांदीलाही असा मूठभर पांढरा गोळा लटकलेला दिसतो. घाण म्हणून तो काढून टाकू नये, एवढं लक्षात ठेवावं.

झुडुपांतल्या इवल्या बेडकांनी तर पाण्याचा नादच सोडला. त्यांची अंडी ओल्या मातीत किंवा पानांवर असतात आणि बेडूकमासा ही अवस्था अंड्याच्या आतच उरकते. बाहेर येतं ते थेट चार पायांचं पिल्लू, तांदळाच्या दाण्याएवढं. हे जमतं कारण चार महिने हवाच इतकी ओली असते की अंडं सुकत नाही. म्हणजे मघाचा तो घाटातला ढग इथेही कामी येतो. झऱ्याकाठचे रातबेडूक पाण्यावर वाकलेल्या पानावर अंडी घालतात. त्यांच्यातल्या 'बॉम्बे रातबेडका'चं मीलन बाकी बेडकांपेक्षा अगदी निराळं असल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आणखी एक जात ओल्या कड्यांवर राहते. तिचे बेडूकमासे डबक्यात नसतातच. कातळावरून झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात ते दगडाला धरून सरपटतात. आंबोलीतल्या अशा बेडकाला २०१४ मध्ये 'चिरावासी' हे नाव मिळालं, आणि लॅटिन नावांच्या यादीत ते तसंच छापलं जातं.

जमिनीच्या आतही एक रहिवासी आहे. पावसात पालापाचोळा उचकटला तर गांडुळासारखं काही वळवळताना दिसतं, पण त्याला जबडा, दात आणि पाठीचा कणा असतो. हे देवगांडूळ, बेडकांच्याच उभयचर वर्गातलं, पाय नसलेलं. २००३ मध्ये आंबोलीतून अशी एक नवी जात नोंदली गेली आणि तिला मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत आयुष्य घालवलेल्या जे. सी. डॅनिअल यांचं नाव देण्यात आलं. साप समजून किंवा गांडूळ समजून हे जीव मारले जातात. ते निरुपद्रवी आहेत आणि माती भुसभुशीत ठेवतात.

हे सगळं बघायला रात्र लागते. म्हणूनच आंबोलीत एक तरी मुक्काम करावा असा माझा आग्रह असतो. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला निम्मी आंबोली भेटतच नाही. गावातली जाणती माणसं रात्री जंगलाच्या कडेनं फिरवून आणतात, त्यांच्यासोबतच जावं. निघताना ते एकच सूचना देतात, "खाली बघान चला." ती पाळली तर दहा पावलांत तीन जाती दिसतात. टॉर्चचा झोत बेडकाच्या डोळ्यांवर फार वेळ धरू नये. डास घालवायचं मलम हाताला लावलं असेल तर बेडकाला शिवू नये, नसेल लावलं तरी शिवू नये. बेडकाची कातडी ही त्याची श्वास घेण्याची जागा आहे, आणि आपल्या हातावरचं रसायन त्यातून सरळ आत जातं. कमरेच्या उंचीवर, वाटेलगतच्या फांदीवर चापडा हा साप तासन् तास न हलता बसलेला असतो, कधी हिरवा, कधी तपकिरी. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. त्यातून त्याला उष्णता जाणवते, आणि काळोखातही समोरून जाणारा उंदीर त्याला कळतो. तो विषारी आहे, अंगावर येत नाही, पण आधारासाठी आंधळेपणानं फांदी धरणाऱ्याला चावू शकतो. फांदी धरण्याआधी तिच्यावर उजेड टाकावा. झोत बंद करून थोडं थांबलं आणि नशीब असलं, तर सह्याद्रीच्या अशा ओल्या जंगलांत कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो. ती बुरशी. लाकूड कुजवता कुजवता तिच्या पेशींत एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून हा थंड प्रकाश निघतो. दिवसाही तो चालूच असतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

रात्री दहाच्या पुढे घाटात आणि चौकुळच्या रस्त्यावर गाडी शक्यतो चालवूच नये. पावसाच्या पहिल्या रात्री बेडूक डांबरी रस्त्यावर येऊन बसतात. सकाळी रस्त्यावर काय उरतं ते मी लिहीत नाही. चालवावीच लागली तर सावकाश.

धबधब्याबद्दल थोडक्यात. आंबोलीचा मुख्य धबधबा घाटरस्त्याला लागूनच आहे, पायऱ्या आहेत, दुकानं आहेत, आणि जुलै-ऑगस्टच्या रविवारी दुपारी तिथे वाहनांची रांग लागते. सकाळी आठच्या आत गेलं तर तो निवांत भेटतो. आजऱ्याच्या वाटेवरचा नांगरतास मला जास्त आवडतो. तिथे पाण्यानं कातळात अरुंद खोल घळ कोरली आहे आणि आवाज पायाखालून येतो. कावळेसादला उलटा धबधबा बघायला गर्दी होते. कड्यावरून पडलेलं पाणी वर उडून परत माथ्यावर येतं. खालून येणारा वारा कड्याला धडकतो, त्याला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं आणि त्याचा जोर थेंबांच्या वजनापेक्षा जास्त झाला की थेंबच वर फेकले जातात. पावसाळी ढग बनवणारा तोच चढता वारा इथे अंगावर घेता येतो. पण कठडा ओलांडू नये. शेवाळलेला जांभा निसरडा असतो, वारा एकदम पडतो, आणि या कड्यावरून माणसं गेलेली आहेत.

दुसऱ्या दिवशीची सकाळ हिरण्यकेशीला द्यावी. गावापासून थोड्या अंतरावर डोंगराच्या पोटातल्या गुहेतून झरा येतो, त्यावर देऊळ आहे, समोर बांधलेलं कुंड. इथून निघणारी हिरण्यकेशी नदी अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते: आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, मग घटप्रभा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. तिच्याच आजरा परिसरात पिकणारा घनसाळ तांदूळ वासाचा आणि बुटक्या दाण्याचा. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घाटाच्या पलीकडच्या उतारावर पडलेला थेंब मात्र कोकणातून एखाद्या दिवसात अरबी समुद्रात पोचतो. एकाच ढगातले दोन थेंब, आणि मधे काही पावलांचं अंतर.

देवळासमोरच्या या कुंडात एक छोटा मासा राहतो. भाविक वर्षानुवर्षं त्याला बघत होते, पण शास्त्राला तो ठाऊक नव्हता. तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नदीच्या नावावरून त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी म्हटलं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ही दोन हेक्टरांच्या आसपासची जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढ्या माशासाठी सरकारनं अधिसूचना काढावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. कुंडात निर्माल्य, साबण, नाणी काहीही टाकू नये. कडेला शांत बसलं की तळच्या दगडांमधून तो बाहेर येतो.

आंबोली थंड हवेचं ठिकाण म्हणून ब्रिटिशांच्या काळात पुढे आली. वेंगुर्ला बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणारा रस्ता इथून जात असे, आणि सावंतवाडी संस्थानात असलेल्या कर्नल वेस्ट्रॉप या अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे वस्ती वाढवण्यात पुढाकार घेतला. पण साहेब यायचा तो उन्हाळ्यात. मुंबई सरकारचा सारा कारभारही उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्याला हलत असे. घाटमाथ्याच्या पावसापासून लांब राहणं हीच तेव्हाची रीत. हा पाऊस मुद्दाम अंगावर घ्यायला येणारे आपण तसे नवे. त्यातून गावाला पैसा मिळतो हे चांगलंच आहे. शक्य असेल तर गावातल्या कुणाच्या घरी किंवा चौकुळात उतरावं. पावसाळ्याआधी लाकूड, सुकी मासळी, आमसुलं यांची बेगमी करून ठेवणारी, चुलीवर दोरी बांधून कपडे सुकवणारी ही माणसं पावसाबद्दल कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त सांगतात. ताटात नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि परसातली भारंगी किंवा टाकळा असला तर मेनूकार्ड मागू नये.

कधी यावं, तर बेडकांसाठी जूनचा दुसरा पंधरवडा आणि जुलै. पाऊस अंगावर घ्यायचा असेल तर जुलै-ऑगस्ट. सड्यावरच्या फुलांसाठी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, तेव्हा गेंद, तेरडा, सीतेची आसवं सारं एकदम असतं आणि अधूनमधून ऊनही पडतं. रेल्वेनं यायचं तर सावंतवाडी रोडला उतरून एसटी मिळते, बेळगावहून आणि कोल्हापूरहूनही गाड्या आहेत. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, रेनकोट घ्यावा. पायात पकड असलेले, भिजले तरी चालतील असे बूट, जोडीला मोज्यांचे दोनतीन जोड आणि चांगली टॉर्च. कारवी बघायची असेल तर निघण्यापूर्वी गावात फोन करून विचारावं. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि सगळ्या डोंगरांवर एकाच वर्षी फुलते असं नाही.